खारवाडीचं घर, चार फूट वर

खारवाडी, ता. राजापूर
२१ फेब्रुवारी १९८८

दादू,

पाच वर्षांत माझ्या एकाही पत्राला तुझं उत्तर नाही, तेव्हा आशीर्वाद वगैरे लिहून शाई वाया घालवत नाही. बातमी सांगते. आपलं घर मी उचलणार आहे.

विकणार नाही, पाडणार नाही, हलवणार नाही. उचलणार! आहे त्या जागेवर, छपरासकट, चार फूट वर. मग खाडीचं पाणी अंगणात येऊ दे, परसात फिरू दे, खालून निघून जाऊ दे. माणसाच्या अंथरुणाला ते शिवणार नाही.

म्हातारीला वेड लागलं म्हणशील. ऐक तर खरं. गेल्या आठवड्यात तालुक्याला वाचनालयात जुन्या मासिकांचा गठ्ठा उपसत होते. त्यात शिकागोवर लेख सापडला. सव्वाशे वर्षांपूर्वी ते शहर चिखलात बुडत होतं. तिथल्या लोकांनी काय केलं? चार-चार, पाच-पाच मजली विटांच्या इमारती स्क्रूच्या जॅकवर घेतल्या आणि उचलल्या! खाली शेकडो माणसं शिट्टीच्या इशाऱ्यावर एकदम पाव वळसा देतायत आणि वर हॉटेलात पाहुणे जेवतायत. मी तो लेख उभ्यानेच वाचला, दादू. दुसऱ्यांदा वाचायलाही बसले नाही.

आणि आपलं घर तर बारा खांबांवर उभं. छपराचा सगळा भार खांबांवर, भिंती नुसत्या आडोशाला. जे पाच मजली विटांना जमलं ते आपल्या फणसाच्या लाकडाला जमणार नाही?

येताना बंदरावर भागोजी तांडेलाचा मचवा डागडुजीसाठी ओंडक्यांवर घेतलेला दिसला. मी विचारलं, "भागोजी, हा मचवा जड की माझं घर?"

"मचवा जड, बाई."

"मग माझं घर उचलशील?"

त्याने तोंडातलं पान आधी नीट थुंकून घेतलं. "उचलीन की. पन घर वल्हवून कुठं न्यायचा हाय?"

हसला, पण नाही म्हणाला नाही. संध्याकाळी येऊन खांबांवर बोटं वाजवून गेला.

घरात निम्मा वाटा तुझा, म्हणून कळवते. परवानगी मागत नाही. त्र्याऐंशी साली पाणी ओटीवर किती चढलं होतं, ते तुला सांगायला नको.

आनंदी
(आक्का म्हणायचं की नाही ते तू ठरव.)


६ मार्च १९८८

दादू,

शिमग्याला मुंबईहून तीस माणसं उतरली. पालखी आपल्या अंगणात आली तेव्हा विठू गुरवाने विचारलं, "दादू नाय आला?" मी म्हटलं, गोदीत काम फार आहे. खोटं बोलायचं तर निदान तुझ्या कामाची थोरवी तरी सांगावी! वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे की गोदीतली मोठी मशिनं दोर-कप्पीवर चढवणाऱ्या टोळीचा तू मुकादम आहेस.

माणसं जमली आहेत तर संधी का सोडा? देवळाच्या पटांगणात सभा घेतली. सव्वा तास बोलले. इजिप्तपासून सुरुवात केली, नाईलच्या पुराला घाबरून ते लोक डोंगरात पळाले नाहीत, हे सांगितलं. मग शिकागो, मग आपली खाडी. म्हटलं, पूर म्हणजे कुणाचा शाप नव्हे. पूर म्हणजे पाण्याची उंची. उंचीला उत्तर एकच, तिच्याहून जास्त उंची! अंगावर काटा आला होता माझ्याच.

काशीराम गवंडी म्हणाला, "बाई, मी चिरा बसवनारा. उचलनारा नव्हं." मागून एक म्हातारी ओरडली, "घर वर गेला तर आमी कसा चढायचा?" मी म्हटलं, "माडावर चढणारी माणसं तुम्ही, सात पायऱ्यांना भिता?" हशा पिकला. सभा हातात आली होती.

तेवढ्यात भागोजी उठला. "बाई, भाषन झ्याक झाला. मागंसुदीक असाच झाला व्हता. तवा आमी सगळ्यांनी अर्ज फाडले व्हते."

एकोणऐंशी साली सरकार वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, प्लॉट देत होतं तेव्हाच्या माझ्या भाषणाबद्दल तो बोलत होता. सड्यावर विहीर नाही, बंदर दोन मैल, मासळीवाल्यांनी कातळ चाटायचा का, असं मी विचारलं होतं. त्यातलं एक वाक्यही चुकीचं नव्हतं. आजही सड्यावर विहीर नाही.

पण त्र्याऐंशीचा पूरही खरा. त्यात बाबा गेले, तेही खरं.

भागोजीला मी काय उत्तर दिलं ते महत्त्वाचं नाही. शेवटी म्हटलं, "यंदा तुमच्या कुणाच्या घराला हात लावायचा नाही. आधी माझं. पडलं तर माझ्या डोक्यावर पडेल. राहिलं, तर दिवाळीनंतर तुमची पंचवीस."

हे त्यांना पटलं. माझं डोकं फुटायची शक्यता आहे म्हटल्यावर पुष्कळांना उत्साह आला.

आनंदी


२४ एप्रिल १९८८

दादू,

पहिला इंच! पहिला इंच वर गेला, दादू!

चिऱ्याच्या खाणीवरच्या लॉरीवाल्यांकडून बारा जॅक आणले. कौलं उतरवली, घराचा सांगाडा उघडा झाला. भिंती काढल्या. काशीरामाने खांबांखालचे जुन्या जोत्याचे चिरे काढून प्रत्येक खांबाला दोन्ही बाजूंनी आडवे वासे बोल्टाने आवळले. त्या वाशांखाली जॅक. बारा खांबांना बारा गडी, मध्ये भागोजी. मचवा वर ओढताना तो जसा हाळी देतो तशीच हाळी. तो "होऽऽ" म्हणाला की पाव वळसा, मग सगळ्यांनी हात वर करून दाखवायचे, मग पुढची हाळी. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. लोकशाही म्हणजे आणखी काय असतं?

शिकागोच्या पाहुण्यांसारखं आपणही आत बसावं, असं मी ठरवलं होतं. लोकांची भीती भाषणाने जात नाही, कुणीतरी छपराखाली बसावं लागतं. माजघरात खुर्ची टाकली, मधल्या मुख्य खांबाला, मेढीला, पाठ टेकली, हातात चहाचा कप आणि मांडीवर पुस्तक. कपातला चहा हललासुद्धा नाही! मी ओरडून सांगितलं, "बघा, थेंब सांडला नाही!"

भागोजी म्हणतो कसा, "आवो बाई, खांब वर चाललेत. तुमी जमिनीवर बसलाव. जमीन कुनी उचलली?"

वाडी अजून हसते आहे. हसू दे. मी तर परवापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून खांबाखालची फट दाखवते. एक इंच, दादू! जिथे पाच पिढ्या लाकूड टेकलं होतं तिथून आता माझी बोटं आरपार जातात.

तुला हे पाहायला मिळायला हवं होतं. एवढंच म्हणते.

आनंदी


३ मे १९८८

दादू,

सगळं व्यवस्थित चाललं आहे. चार इंच झाले. दोन दिवस माणसांना विश्रांती दिली आहे.

मे महिन्यात गोदीत रजा मिळते का? सहज विचारते. गंगाला म्हणावं, नणंदेचा निरोप आहे, आंबा यंदा बरा आहे.

आनंदी


१० मे १९८८

दादू,

मागचं पत्र फाडून टाक. काही व्यवस्थित चाललेलं नाही.

मेढ वर आलेली नाही. घर बांधताना पहिला उभा केला तो खांब, ज्याच्या बुंध्याशी नारळ ठेवून, हळद लावून आपल्या खापरपणज्याने घर सुरू केलं. बाकीचे अकरा खांब तळखड्यांवर टेकलेले, ही एकटी जमिनीत दोन हात गाडलेली. ती आधी खणून मोकळी करायची, मग तिच्याखाली जॅक. मी सांगितलं होतं. गड्यांनी माना डोलावल्या होत्या. आणि केलं काय? वरची माती भुसभुशीत करून ठेवली, जॅक शेजारी मांडला, आणि प्रत्येक हाळीला तिथला गडी नुसता हात फिरवत राहिला! जॅक रिकामाच फिरत होता. बाकी अकरा जणांना ठाऊक. भागोजीला ठाऊक. काशीरामाला ठाऊक. ठाऊक नव्हतं एकट्या मला, जी तिला पाठ टेकून चहा पीत होती.

अकरा खांब चार इंच चढले, मेढ जागची हलेना, आणि परवा सकाळी तिच्या डोक्यावरची तुळई कडाडली. बोटभर चीर गेली. काशीरामाने पातळी मोजायला पाणसळीची नळी धरली तेव्हा सगळं उघडं पडलं.

मी त्या चिरलेल्या तुळईखाली उभी राहून त्यांना झोडपलं. अंधश्रद्धेवर बोलले, विज्ञानावर बोलले, बारा जणांत एकाने केलेली लबाडी अकरांचं काम कसं मोडते त्यावर बोलले. खाली माना घालून ऐकलं सगळ्यांनी. मग भागोजी म्हणाला, "बाई, सगळा खरा. पन मेढीला हात घराच्या पुरुषाचा लागतो. तो नसताना आमी तिला खनून काढली, आनि उद्या कुनाचा पोर आजारी पडला, तर बोट कुनाकडं दाखवायचा?"

"मग मला आधी का सांगितलं नाहीत?"

"तुमी हसला असताव," काशीराम म्हणाला.

हसलेच असते.

दादू, तीस वर्षं मी ज्या देवळाच्या पटांगणात कौलाविरुद्ध बोलले, त्याच देवळात काल कौल लावायला गेले. विठू गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली. मी विचारलं, या घरात जन्मले मी, या घराची जमीन चाळीस वर्षं सारवली मी, माझा हात चालेल का? डावं फूल पडलं. म्हणजे नाही. मी म्हटलं, पुन्हा लाव. पुन्हा डावं. विठू घाबरत म्हणाला, "बाई, दादूचा विचारू?" विचारलं, आणि उजवं फूल असं टपकन पडलं की जणू देवी माझं बोलणं संपायचीच वाट पाहत होती. देवीसुद्धा बाई आहे! तिने तरी माझी बाजू ऐकायला नको?

आता अडचण अशी. खांबांखालचे चिरे निघालेले, भिंती निघालेल्या, छप्पर उघडं. घर अकरा जॅकवर चार इंच अधांतरी आहे. खाली घ्यावं तर तुळई पुरती तुटेल. बाहेरगावची भाडोत्री माणसं आणून मेढ उपटता येईल. पण मग वाडी लांब उभी राहून बघेल, आणि दिवाळीनंतर एकही घर उचललं जाणार नाही. पंचवीस घरं तशीच पाण्यात राहतील. मृग लागायला अठ्ठावीस दिवस आहेत.

तर तू यावंस. चार दिवस. तर्कशुद्ध विचार केलास तर तुलाही पटेल की यात तुझाही वाटा वाचतो आहे.

आनंदी


२१ मे १९८८

दादू,

तुझं उत्तर नाही. मागच्या पत्रातला शेवट मी पुन्हा आठवून पाहिला. "तर्कशुद्ध" काय, "वाटा" काय. सख्ख्या भावाला कुणी असं बोलावतं का?

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. बाबांच्या तेराव्याला तू म्हणालास, "आक्का, तुझ्या भाषणाने आपण सड्यावर गेलो नाही." गंगाला घेऊन त्याच संध्याकाळी गाडीत बसलास. मी पाच वर्षं मनात तुला उत्तरं देते आहे. भाषण ऐकून कुणी काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी काही कुणाचा हात धरला नव्हता, वगैरे. चांगली उत्तरं आहेत. एकही खरं नाही.

कारण तू अर्ज फाडला नव्हतास. सगळ्या वाडीने फाडले, तू एकट्याने गपचूप भरून कचेरीत दिला होतास. बाबांना उठता-बसता येत नाही, पावसाळ्याआधी त्यांना वर हलवू, असं तुझ्या मनात होतं. पुढे यादी लागली तेव्हा तुझं नाव नव्हतं. तू म्हणालास, कागद कुठेतरी गहाळ झाला असेल. मी म्हटलं, झाला असेल.

गहाळ झाला नव्हता. मी कचेरीत गेले होते. तिथल्या कारकुनाने तुझा अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "बाई, तुम्ही तर म्हणता खारवाडीला एकही प्लॉट नको. मग हा?" मला लाज वाटली. माझ्या घरातूनच अर्ज! मी म्हटलं, "चुकून आला आहे. माझ्या भावाच्या वतीने मी सांगते, आम्हाला नको." आणि खाली सही केली.

त्र्याऐंशीला पाणी ओटीवर तीन फूट चढलं. तू आणि भागोजीने बाबांना दार उखडून त्यावर निजवलं आणि खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून नेलं. मी पुढे कंदील धरून चालत होते. चौथ्या दिवशी बाबा गेले. नाहीतर पुराच्या वेळी ते सड्यावर कोरड्या खोलीत असते, दादू. माझ्या सहीने ते खाली राहिले.

हे तुला लिहायची ही वेळ नव्हे, हे मला कळतं. घर जॅकवर आहे, पाऊस सतरा दिवसांवर आहे, आणि तू आलास तरच ते वाचेल. अशा वेळी शहाण्या माणसाने हे आणखी महिनाभर पोटात ठेवलं असतं. पण हे न सांगता तुझा हात मेढीला लावून घ्यायचा म्हणजे पुन्हा तुझ्या नावाने मीच सही करायची. ते मी करणार नाही. घर पडलं तर पडो.

चूक माझी होती. भाषणाची नव्हे. सहीची.

आक्का


१५ जून १९८८

दादू,

तू गेल्यापासून पाऊस थांबलेला नाही आणि आपण कोरडे आहोत. तू कौलांची शेवटची ओळ बघून गेलास, नंतरचं ऐक. बाराही खांबांखाली काशीरामाने चिऱ्याचे खांब चढवले. जमीन भरायला वेळच नव्हता, तेव्हा भागोजीने पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या तीन मचव्यांच्या फळ्या काढून आणल्या आणि खांबा-खांबांमध्ये टाकल्या. घरात चाललं की होडीत चालल्यासारखं वाटतं, वासही मासळीचा! भिंती यंदा कुडाच्या. खालून पाण्याला आरपार वाट.

पण मला सांगायचं आहे ते दुसरंच. एक जूनला सकाळी तू एस.टी.तून उतरलास, खांद्यावर दोराचं भेंडोळं, मागे गंगा. माझ्याकडे पाहिलं नाहीस. थेट घराखाली शिरलास, प्रत्येक जॅक हलवून पाहिलास आणि भागोजीला म्हणालास, "हे असले जॅक? गोदीत यांच्यावर आम्ही हातगाडीसुद्धा ठेवणार नाही." वाडीच्या जिवात जीव आला. शिव्या घालणारा माणूस म्हणजे काम जाणणारा माणूस!

तुळईला दोर बांधून भार तू आधी दुसरीकडे घेतलास. मग मेढीच्या बुंध्याशी बसलास आणि दोन्ही हातांनी माती उकरलीस. तुझी पाठ आमच्याकडे होती, म्हणून तुला दिसलं नाही. बाराही गडी हात जोडून उभे होते. विठू गुरव गाऱ्हाणं विसरला आणि त्याला तीनदा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. आणि भागोजी, छप्पन्न वर्षांचा तांडेल, डोळे पुसत मला म्हणाला, "धूर गेला." आसपास चूलसुद्धा नव्हती.

मेढ हलली तेव्हा जो आवाज झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. मग चार दिवस तुझी शिट्टी आणि भागोजीची हाळी, तीन इंच वर, खाली आधाराला फळकुटं, पुन्हा तीन इंच, पुन्हा फळकुटं. चार फूट! चौथ्या दिवशी मी घराखालून वाकून चालत गेले. वाकून का होईना, चालत!

त्या चार दिवसांत तू माझ्याशी सात वाक्यं बोललास. मी मोजली. त्यातली पाच "बाजूला हो" अशी होती. माझ्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. मीही काढलं नाही. गंगाने मात्र जाताना माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "पत्र त्यांनी दोनदा वाचलं." एवढंच. त्याचा अर्थ काय लावायचा, हे मी तिला विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न गिळला.

आक्का


३० जुलै १९८८

दादू,

तुला वर्तमानपत्रातून कळायच्या आत लिहिते. पूर आला. आणि गेला. आपण सगळे आहोत.

काल पौर्णिमा, उधाणाची भरती. त्यात दोन दिवस डोंगरात धो धो पाऊस. सकाळी आठला पाणी बांधावर, नऊला अंगणात, दहाला पहिल्या पायरीवर. साडेदहाला वाडी आपल्याकडे यायला लागली. आधी लेकरं, मग म्हाताऱ्या, मग कोंबड्यांच्या टोपल्या, काशीरामाची शेळी, विठूने फडक्यात गुंडाळून आणलेले देव. भागोजी छातीभर पाण्यात उभा राहून एकेकाला पायरीवर चढवत होता. त्रेचाळीस माणसं, दादू! मचव्याच्या फळ्या करकरत होत्या. खालून पाणी वाहत होतं, गाळ, ओंडके, कुणाचं घमेलं. पाणी दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर, मग चौथीवर, मग पाचवीवर येऊन थांबलं. सात पायऱ्यांतली पाचवी. जुन्या ओटीवर ते पावणेतीन फूट उभं राहिलं असतं.

सगळे पायऱ्यांकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, "बाई, काय तरी बोला, येळ जाईल." मी उभी राहिले. शिकागो आठवलं, नाईल आठवली. आणि मी कचेरीतली सही सांगितली. पाच मिनिटांत सांगून झालं. कारकुनाने काय विचारलं, मी काय म्हटलं, कुणाच्या वतीने. बाबांचं सांगितलं. म्हटलं, तुम्ही माझं भाषण ऐकून अर्ज फाडलेत, त्याचंही मला वाटतं, पण दादूचा मी चोरला.

मला वाटलं होतं, कुणीतरी ओरडेल. पुरात सगळी घरं बुडालेली माणसं, ओरडायचा हक्क होता त्यांना. माझ्याकडे कुणी बघेना, सगळे भागोजीकडे बघायला लागले.

"बाई," भागोजी म्हणाला, "आमाला ठाऊक हाय. त्या दिशी कचेरीत वाडीतला महिपत उभा व्हता, तगाईच्या कर्जाच्या कामाला. त्यानं सगळा ऐकला. सांजच्याला वाडीभर झाला."

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"तुमच्याशी बोलायला मधी जागा कुठं गावते?"

म्हाताऱ्या हसल्या. मलाही हसू यायला लागलं आणि आलं नाही. मी विचारलं, "आणि दादूला?"

"त्याला पयला मीच सांगितला. यादी लागायच्या आदी."

म्हणजे तुला माहीत होतं! एकोणऐंशीपासून माहीत होतं. कागद गहाळ झाला असेल असं तू म्हणालास तेव्हा माहीत होतं. बाबांना दारावर घेऊन पाण्यातून चालत होतास तेव्हा माहीत होतं. तेराव्याला तू भाषणाचं नाव घेतलंस आणि सहीचं घेतलं नाहीस. नऊ वर्षं तू थांबलास, मी सांगेन म्हणून. आणि मी पत्रामागून पत्रं पाठवत राहिले, खाडीचं लिहिलं, राजकारणाचं लिहिलं, एवढं सोडून सगळं लिहिलं. म्हणून उत्तर येत नव्हतं. एकवीस मेचं पत्र पोचलं आणि तू पुढच्या गाडीने आलास.

मी फळीवर बसले, दादू. भागोजीने लोटकं भरून पाणी दिलं, तेही खालचं नव्हे, रांजणातलं. दुपारी तीनला पाणी चौथ्या पायरीवर उतरलं. लोकांनी असा गलका केला की काशीरामाची शेळी बुजून उडी मारायला निघाली. चार जणांनी धरली.

आज सगळे आपापल्या घरांतला गाळ उपसतायत. पण सकाळी खोरी घ्यायच्या आधी पुरुष मंडळी आपल्या ओटीवर जमली. दिवाळीनंतर पंचवीसच्या पंचवीस घरं उचलायची, एकमताने. आधी काशीरामाचं, ते सगळ्यात खाली आहे. आता बाराऐवजी चोवीस जॅक हवेत, चांगले. माझ्या अंगात उत्साह मावत नव्हता, तोंड उघडणारच होते, तेवढ्यात भागोजीने विचारलं, "दादू येईल नव्हं, दिवाळीला? हो म्हना, म्हंजे आमी कामाला लागू."

येईल, असं माझ्या ओठांवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत.

मी आत गेले, तुझा मुंबईचा पत्ता कागदावर लिहून आणला आणि भागोजीच्या हातात दिला. म्हटलं, "त्याचं त्यालाच विचारा."

आक्का